खाडीपलीकडचें शहर आणि बॅटरीचें पाणी

कांहीं शहरें वाढतात आणि कांहीं आंखलीं जातात. पुणें, वाई, पैठण हीं वाढलेलीं शहरें. नदीचा घाट आधीं, घाटामागून देऊळ, देवळामागून पेठ आणि पेठेमागून गल्लीबोळांचें जाळें, असा त्यांचा क्रम. नवी मुंबई हें आंखलेलें शहर होय. मुंबईच्या दाटीवर उपाय म्हणून खाडीच्या पलीकडे दुसरें शहर वसवावें, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनीं मांडली व 'मार्ग' नियतकालिकानें ती १९६५ सालीं प्रसिद्ध केली. पुढें १७ मार्च १९७० रोजीं सिडको या महामंडळाची स्थापना झाली, १९७३ त वाशीचा खाडीपूल वाहतुकीस मोकळा झाला, आणि मानखुर्दाहून आगगाडी खाडी ओलांडून वाशीस आली ती १९९२ त. त्याच वर्षीं नगरीचा कारभार महानगरपालिकेकडे आला. एका माणसाच्या आयुष्यांत कागदावरची रेघ शहर होऊन बसावी, हें आमच्या पिढीनें डोळ्यांदेखत पाहिलें.

आम्हांसारख्या जुन्या माणसास हें शहर प्रथम परकेंच वाटतें. वस्त्यांस आळी किंवा पेठ न म्हणतां 'सेक्टर' म्हणावयाचें, घराचा पत्ता सांगतांना नांवापेक्षां आंकडेच अधिक उच्चारावयाचे. पाढे पाठ असलेल्यांस येथें पत्ता लवकर सांपडतो, एवढा मात्र गुण खरा! तथापि मानखुर्द सोडून गाडी पुलावर आली म्हणजे मन निवतें. दोहों बाजूंस खाडीचें मचूळ पाणी, कांठाशीं तिवरांची हिरवी किनार, आणि हिंवाळा व उन्हाळा या दिवसांत ओहोटीच्या चिखलांत चोंची खुपसून उभे असलेले रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे. ठाण्याच्या खाडीचा हा भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांसाठीं अभयारण्य ठरला आणि २०२२ त रामसर यादींतही गेला. त्या पक्ष्यांच्या डोक्यावरून विजेच्या उंच मनोऱ्यांची रांग गेलेली दिसते. पक्षी आणि तारा एकमेकांस विचारीत नाहींत.

प्रवासवर्णन लिहिणारे येथून पुढें बेलापूरचा किल्ला, खारघरचा पांडवकडा, कोरियांनीं बेलापुरांत बांधलेली कलावंतांची वसाहत, २०२४ त सुरू झालेला अटल सेतु आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें उद्घाटन झालेला विमानतळ यांचीं वर्णनें करतात. तीं वाचकांनीं अन्यत्र वाचलीं असतीलच. नेरुळास आमच्या पुतण्याच्या घरीं आमचें वारंवार राहणें होतें. त्या मुक्कामांत आमचें लक्ष ज्या वस्तूनें वेधून घेतलें ती याहून फार साधी आहे. जवळजवळ प्रत्येक बिऱ्हाडांत, दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत, जोड्यांच्या कपाटाशेजारीं किंवा सज्जांत, चाकांच्या पाटावर बसलेली ती काळी पेटी: इन्व्हर्टरची बॅटरी. तिला पाणी लागतें, आणि तें कोणतेंही चालत नाहीं.

या शहरास तीन पाणीं आहेत, असें आम्ही विनोदानें म्हणत असूं. पहिलें खाडीचें, रोहित पक्ष्यांचें. दुसरें मोरबे धरणाचें. खालापूर तालुक्यांत धावरी नदीवर बांधलेलें हें धरण महानगरपालिकेच्या स्वतःच्या मालकीचें आहे आणि तेथील रहिवाशांस त्याचा मोठा अभिमान. पाहुण्यास चहाबरोबर "आमचें पाणी मोरब्याचें!" हें वाक्यही मिळतेंच. तें पाणी चवीस खरोखरच उत्तम आहे. परंतु माणसास जें उत्तम तें बॅटरीस विष ठरतें, कारण पाण्याला चव देणारे क्षार, जंतुनाशासाठीं घातलेला क्लोरीन आणि नळांतून उतरणारा लोखंडाचा अंश हीं तिच्या पत्र्यांस हळूहळू मारतात. तिसरें पाणी तें या पेटीचें, म्हणजे वाफेचें पुन्हा पाणी केलेलें अथवा यंत्रानें सर्व क्षार काढून टाकलेलें.

पाण्यापाण्यांत असा भेद करणें आमच्या पूर्वजांस नवें नव्हतें. सुश्रुतानें सूत्रस्थानांत आकाशांतून पडणाऱ्या पाण्याचे प्रकार सांगून पावसाच्या धारांच्या पाण्याचे 'गांग' आणि 'सामुद्र' असे दोन भेद केले, व परीक्षाही दिली. रुप्याच्या पात्रांत साळीच्या भाताचा पिंड घालून तें पावसांत मुहूर्तभर ठेवावें. पिंडाचा रंग बदलला नाहीं तर पाणी गांग समजावें. आज रसायनशाळेंत पाण्यांतून वीज कितपत वाहते हें मोजून त्याची शुद्धता ठरवितात; पाणी जितकें शुद्ध तितकी वीज कमी वाहते. परीक्षेचें साधन बदललें; पाण्यास परीक्षा हवी हा आग्रह मात्र तोच आहे. (आमचे कांहीं स्नेही येथें अगस्त्यसंहितेंतील श्लोक पुढें करून बॅटरीही आमचीच असें म्हणतात. ज्या श्लोकांचा आधार ते देतात त्यांत तांबें, मोरचूद आणि जस्त आहे, शिसें नाहीं. शिवाय त्या श्लोकांची जुनी पोथी आमच्या पाहण्यांत आलेली नाहीं. संस्कृताचा अभिमान असणारानें तरी पोथी पाहिल्यावांचून बोलूं नये.)

आतां या पेटीच्या पोटांत काय चालतें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ त शिशाचे दोन पत्रे गंधकाम्लाच्या पातळ द्रावांत बुडवून पुन्हापुन्हा वीज भरतां येईल असा घट केला. आजची इन्व्हर्टरची बॅटरी त्याच घराण्यांतली आहे. एका पेटीत असे सहा घट एकामागून एक जोडलेले असतात. प्रत्येकाचे दोन व्होल्ट, मिळून बारा. वीज देतांना द्रावांतील आम्ल पत्र्यांत शिरतें व द्राव पातळ होतो. वीज भरतांना तें पत्र्यांतून बाहेर पडतें व द्राव पुन्हा दाट होतो. म्हणून काचेच्या नळींतील तरंगत्या कांट्यानें द्रावाची घनता पाहिली कीं बॅटरीचें पोट कितपत भरलें आहे तें कळतें. भरलेल्या बॅटरीत ती जातीप्रमाणें सुमारें १.२४ ते १.२८ असते, आणि १.१५ च्या खालीं गेली तर ती रिती झाली असें समजावें.

पोट भरल्यावरही वीज येत राहिली तर ती जाणार कोठें? ती पाण्याचे दोन तुकडे करते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे वायु बुडबुड्यांच्या रूपानें वर येऊन झांकणाच्या छिद्रांतून निघून जातात. उन्हाळ्यांत थोडें पाणी वाफेनेंही जातें. जातें तें पाणी. आम्ल जेथल्या तेथेंच राहतें. वाचकांनीं एवढी एकच गोष्ट ध्यानांत धरली तरी पुष्कळ झालें, कारण बहुतेक प्रमाद हिच्या अज्ञानांतून होतात. कोणी म्हणतो, बॅटरी अशक्त झाली, थोडें आम्ल घाला. आम्ल कमी झालेलेंच नाहीं, मग घालावयाचें कशाला? तें घातल्यानें कांटा वर दिसतो, धनी खूष होतो, आणि आंत पत्रे अधिक लवकर झिजूं लागतात.

शाळेंत मुलांस आपण घोकवितों कीं पाण्यांत आम्ल ओतावें, आम्लांत पाणी कधीं ओतूं नये. मग येथें आम्लांत पाणी कसें ओततों, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारील, आणि त्यानें तो विचारावाच. तो नियम तीव्र आम्लाचा आहे; त्यांत पाणी पडलें कीं एकदम उकळी फुटून आम्ल अंगावर उडतें. बॅटरींतला द्राव आधींच पाणी घालून पातळ केलेला असतो. तरी त्याचा एक थेंब डोळ्यांत गेला तर डोळा जाऊं शकतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा व जवळ स्वच्छ पाण्याची बादली भरून ठेवलेली हवी. थेंब उडालाच तर डोळा चोळीत न बसतां पाण्यानें धूत राहावें व वैद्य गांठावा.

हें सर्व आम्हीं पुस्तकांतून वाचलें असलें तरी तें समजलें तुर्भ्यास. वाशी-तुर्भ्याच्या सीमेवर कृषि उत्पन्न बाजार समितीचे पांच मोठे बाजार आहेत: कांदा-बटाटा, भाजीपाला, फळें, मसाला आणि धान्य. मसाल्याच्या बाजारांत शिरलें कीं हळद आणि मिरचीच्या वासानें प्रथम शिंका येतात, मग भूक लागते. तेथून थोड्या अंतरावर मालमोटारींचा तळ आहे. देशाच्या चारी कोपऱ्यांतून आलेल्या मोटारी तेथें रांगेनें उभ्या असतात आणि त्यांचे चालक आपापल्या मोटारींतच राहतात. चालकाच्या मागें झोपावयाची फळी, वर देवाची तसबीर, एक लहानसा पंखा, दूरध्वनीस वीज भरावयाची तार, आणि बाजूला स्टोव्हवर रटरटणारी डाळ. चाकांवरचें तें संपूर्ण घर असतें. त्या घराची वीज येते चौकटीस बांधलेल्या दोन बॅटऱ्यांतून. बारा आणि बारा मिळून चोवीस व्होल्ट.

त्या तळाच्या कडेस एका पत्र्याच्या आडोशाखालीं बॅटरीचें काम करणारा एक मिस्त्री बसतो. मूळचा सांगली जिल्ह्यांतील जत तालुक्याचा. त्याच्या सदऱ्याच्या बाह्यांना चाळणीसारखीं बारीक भोकें होतीं; आम्लाचा शिंतोडा सुती कापडावर पडला कीं तें धुतल्यावर तेथें भोंक पडतें. आम्ही मास्तर आहों हें कळतांच त्यानें लाकडी खोकें पुसून बसावयास दिलें.

"गुरुजी, आमच्या गांवाकडं माणसालाच पाणी नव्हतं, म्हणून मी हिकडं आलो," तो म्हणाला, "आणि हितं येऊन धंदा कुठला, तर डब्यांना पाणी पाजायचा!"

त्याची काम करण्याची रीत आम्हीं तासभर बसून पाहिली. प्रथम तो पेटीचा माथा ओल्या फडक्यानें पुसून घेई. झांकण उघडल्यावर वरची धूळ आंत पडतां कामा नये. मग एकेक झांकण काढून विजेरीच्या उजेडांत आंत पाही. काडी ओढणें तेथें वर्ज्य. प्लास्टिकचें नसराळें, प्लास्टिकचा चंबू. धातूचें भांडें तो त्या पेटीजवळ येऊंच देत नसे, कारण तें दोन्ही टोंकांस एकदम टेकलें तर ठिणगी पडते. पाणी घालावयाचें तें पत्रे बुडून वर सुमारें बोटभर राहील इतकें, झांकणाच्या नळीच्या खालच्या कडेपर्यंत. त्याहून अधिक नाहीं. घरच्या बॅटऱ्यांना तरंगते दांडे असतात, त्यांवर वरची व खालची खूण केलेली असते. तेथें तर चुकण्याचें कारणच नाहीं.

आम्हीं विचारलें, "अहो मिस्त्री, कांठोकांठ भरलें तर पुन्हा लवकर पाहावें लागणार नाहीं, नव्हे काय?"

तो हंसला. "गुरुजी, चार्जिंगला लावली कीं पाणी फुगतंय. बुडबुडे उठत्यात, पाणी वर चढतंय आणि वरून सांडतंय. सांडतंय ते नुसतं पाणी नसतंय, ॲसिड घेऊन जातंय. घाट चढताना गाडी कलली कीं आणखी सांडतंय, आणि खालचं लोखंड खातंय."

म्हणूनच त्याचा नियम असा कीं आधीं वीज भरावी, मग थोडा वेळ पेटीस स्वस्थ बसूं द्यावें, आणि त्यानंतर पाणी घालावें. याला अपवाद एकच. पत्रे उघडे पडलेले दिसले तर प्रथम ते जेमतेम बुडतील इतकें पाणी घालावें, मग वीज भरावी, आणि उरलेलें पाणी शेवटीं घालावें. कोरड्या पत्र्यांवर वीज सोडणें त्यास मंजूर नव्हतें. पत्र्याचा जो भाग हवेंत उघडा राहतो तो निकामी होतो, आणि पुढें कितीही पाणी घातलें तरी पुष्कळदां तो पूर्वीसारखा होत नाहीं.

त्याहून मोलाची एक गोष्ट त्यानें सांगितली, ती आम्हांस कोणत्याही पुस्तकांत इतकी सुबोध वाचावयास मिळाली नव्हती. सहा घटांतील पाणी सारखें उतरत असेल तर बॅटरीची प्रकृति ठीक. एकच घट बाकीच्यांहून अधिक पाणी पीत असेल तर त्या घटास रोग जडला आहे, आणि तो सबंध पेटी बुडविणार. साहीच्या साही घट भराभर पीत असतील तर बॅटरीकडे दोष नाहीं. तिला वीज भरणारें यंत्रच प्रमाणाबाहेर भरीत आहे, तें दाखवून घ्यावें. आणि महिनोन् महिने पाणी उतरतच नसेल तर आनंद मानूं नये. बॅटरी कदाचित् कधीं पुरती भरतच नसेल. वैद्यानें रोग्याची तहान विचारावी, तशी ही तहानेवरून परीक्षा.

वातानुकूलन यंत्रांतून जें पाणी ठिबकतें तें वाफेचेंच झालेलें असतें, तर तें कां चालूं नये, हा प्रश्न नव्या मुंबईंत सर्वत्र ऐकूं येतो. आमच्या पुतण्याच्या इमारतींतील एक गृहस्थ तर तें बादल्यांनीं सांठवीत असत. तर्क ऐकावयास गोड आहे. परंतु तें पाणी धातूच्या गार नळ्यांवरून आणि त्यांवरच्या धुळीवरून ओघळत येतें. वाटेंत तांब्याचा वगैरे अंश आणि मळ घेऊनच येतें. पागोळ्यांच्या पाण्याचेंही तेंच. बाटलींतलें पिण्याचें पाणी तर मुळींच नको, कारण त्यांत क्षार असतातच, पुष्कळदां मुद्दाम घातलेले. स्वयंपाकघरांतील गाळणीयंत्राच्या पाण्यांतही थोडे क्षार शिल्लक राहतात. दुकानांत बॅटरीसाठीं म्हणून मिळणारें पाणी महाग नाहीं, आणि जी वस्तु सहस्रावधि रुपयांस पडते तिच्या तोंडचें पाणी राखण्यांत काटकसर करणें हा आमच्या मतें शहाणपणा नव्हे.

हा सगळा खटाटोप कशासाठीं, असें वाचकांस वाटेल. वीज आतां क्वचितच जाते. भारनियमनाचीं तीं वर्षें, जेव्हां परीक्षेच्या दिवसांत मुलें मेणबत्त्या लावून बसत, मागें पडलीं. पण १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार या प्रदेशांतील लोक विसरले नसतील. सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें आणि नवी मुंबई यांची वीज एकदम गेली. उपनगरी गाड्या रुळांवर जागच्या जागीं उभ्या राहिल्या. करोनाच्या साथीमुळें आम्ही त्या वर्षीं नेरुळासच अडकून पडलों होतों.

आमच्या थोरल्या वहिनींस फुप्फुसांचा जुना विकार आहे. हवेंतून प्राणवायु वेगळा करून नळीवाटें देणारें यंत्र त्यांच्या उशाशीं असतें. तें विजेवर चालतें. घर सातव्या मजल्यावर. उद्वाहन बंद पडलेलें. प्राणवायूची एक नळकांडी घरांत राखून ठेवलेली होती, पण ती संपल्यावर दुसरी त्या दिवसांत कोठून मिळणार, आणि सात जिने चढवून कोण आणणार?

पुतण्यानें प्रथम घरांतील सर्व दिवे, पंखे, संगणक बंद केले आणि केवळ तें यंत्र इन्व्हर्टरवर ठेवलें. मग आम्ही दोघे कागद घेऊन बसलों. बॅटऱ्या दोन, प्रत्येकी बारा व्होल्टची आणि १५० अँपिअर-तासांची. १२ गुणिले १५० म्हणजे १८००. दोहोंचे मिळून ३६०० वॅट-तास. यंत्र खातें सुमारें ३५० वॅट. कागदावर दहा तास झाले. पण बॅटरी तळापर्यंत उपसणें बरें नव्हे, इन्व्हर्टरही आपला वांटा घेतो, आणि बॅटऱ्या दोन वर्षांच्या जुन्या. सहा तास धरावे, असें ठरलें. सहा तास म्हणजे चार वाजेपर्यंत.

"आंत पाणी आहे ना?" आम्हीं विचारलें.

पुतण्यानें उत्तर दिलें नाहीं. त्यानें भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट दाखविलें. दूधवाल्याच्या खुणांशेजारीं, प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारच्या चौकोनांत वहिनींच्या हातचें 'पा.' हें अक्षर होतें. ४ ऑक्टोबरच्या चौकोनांतही होतें. पाणी घाली तो पुतण्या. पण त्यास आठवण करून, समोर खुर्ची टाकून बसून, साही झांकणें पाहून झाल्यावर कालनिर्णयावर नोंद करीत त्या वहिनी. आम्ही एकदां म्हटलें होतें, "वहिनी, हें टिपण त्यालाच ठेवूं द्या कीं." त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "भाऊजी, श्वास माझा आहे. मग तारीखही मींच लिहिणार."

वीज त्या इमारतींत तीन वाजून गेल्यावर आली. तोंवर यंत्र एकदांही थांबलें नाहीं. वहिनींनीं त्या पांच तासांत जपमाळ ओढली, मधून मधून इन्व्हर्टरच्या हिरव्या दिव्याकडे पाहिलें, आणि दुपारच्या भाकऱ्या वेळेवर झाल्या कीं नाहीं याची चौकशी केली. त्याच इमारतींत खालच्या मजल्यावरील एका बिऱ्हाडाची तेवढ्याच शक्तीची बॅटरी अवघ्या वीस मिनिटांत थकली. मागाहून ती उघडून पाहिली तेव्हां पत्र्यांचीं डोकीं कोरडीं ठणठणीत होतीं; घरांत आल्यापासून तिचें एकही झांकण कोणी उघडलें नव्हतें. सुदैवानें तेथें कोणी आजारी नव्हतें.

दुसरी एक गोष्ट त्या इमारतींतच पाहिली, तीही सांगून ठेवितों. शेजारच्या बिऱ्हाडांत जागेच्या अभावीं बॅटरी देव्हाऱ्याच्या खालच्या बंद कपाटांत ठेवलेली होती. वर सकाळ-संध्याकाळ निरांजन, उदबत्ती आणि कापूर. बॅटरींतून निघणारा हायड्रोजन हा हवेंत शेंकडा चार भाग झाला कीं ठिणगीची वाट पाहत बसणारा वायु आहे, आणि तो सर्वांत हलका असल्यानें वरच चढतो. त्या घरच्या आजी सोंवळ्याओंवळ्याच्या कडक. पुरुषांनीं सांगून देव्हारा हालणार नव्हता. आमच्या सूनबाईनें युक्ति केली. ती आजींना म्हणाली, "आजी, देवाच्या पायांखालीं शिसें आणि आम्ल ठेवणें बरें दिसतें का?" आजींनीं त्याच दिवशीं पेटी सज्जांत हलविली. आम्ही रसायनशास्त्राचा तास घेतला असता तर दुपार गेली असती आणि पेटी तेथेंच राहिली असती.

खाडीच्या खाऱ्या दमट हवेंत बॅटरीच्या टोंकांवर पांढरट-निळसर फूल लवकर धरतें. तारा सोडवून, कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा विरघळवून तें जुन्या दंतमंजनकुंच्यानें घांसून काढावें, कोरडें पुसावें आणि वर व्हॅसलीनचें बोट फिरवावें. सोड्याचा थेंब मात्र घटांत पडतां कामा नये. आंतलें आम्ल त्यानें मरेल. झांकणें घट्ट लावूनच हें काम करावें. उन्हाळ्यांत दरमहा, एरव्हीं दोन महिन्यांनीं पाणी पाहिलें म्हणजे पुरें. उष्णता हा या पेटीचा मोठा वैरी आहे. दहा अंश ऊष्मा वाढला कीं आयुष्य जवळजवळ निम्मे होतें असा ठोकताळा आहे, तेव्हां पश्चिमेच्या उन्हांत तिला बसवूं नये.

तुर्भ्याच्या त्या मिस्त्र्याकडे आम्ही दुसऱ्यांदा गेलों तेव्हां एक निराळेंच वाहन उभें होतें. खारघरच्या एका कुटुंबानें मोटारींत बिछाने, ओटा, शीतपेटी, सगळें बसवून घेतलें होतें. राज्य शासनानें २०२१ सालीं अशा फिरत्या घरांच्या पर्यटनासाठीं धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून कोंकणच्या वाटेवर हीं घरें अधूनमधून दिसतात. त्या कुटुंबास गुहागरास जावयाचें होतें, आणि घरची बॅटरी दम धरीत नव्हती. मिस्त्र्यानें पाहिलें तों मोटार सुरू करावयाच्या जातीचीच बॅटरी दिवे-पंख्यांसही जोडलेली. एंजिन सुरू करणारी बॅटरी पातळ पत्र्यांची असते. तिनें क्षणभर मोठा जोर करावा आणि विसावा घ्यावा. रात्रभर पंखा फिरविणें हें जाड पत्र्यांच्या बॅटरीचें काम. त्यांत छपरावर सूर्यशक्तीचा पत्रा. वाहन उभें असतांना तो दिवसभर वीज ओतीत राहिलेला आणि त्याच्या नियंत्रकानें वेळीं आळा न घातलेला. साही घट अर्धे कोरडे.

"चार महिने पावसात गाडी उभी होती का?" मिस्त्र्यानें विचारलें.

"सहा," घरधनी म्हणाले.

मिस्त्र्यानें झांकणें परत लावलीं. "साहेब, हिला आता पाणी पाजून उपयोग नाही. दुसरी घ्या, जाड पत्र्याची घ्या, आणि गाडी उभी असली तरी महिन्यातून एकदा उघडून बघा."

अलीकडे बंद तोंडाच्या बॅटऱ्या येतात, त्या उघडावयाच्याच नसतात. आणि लिथियमच्या बॅटऱ्या येतात, त्यांस पाणी लागतच नाहीं. त्या महाग आहेत, पण किंमत उतरत चालली आहे. पुढेंमागें मिस्त्र्याचा हा धंदा मोडेल, हें तो स्वतःही जाणून आहे. त्याचा मुलगा रबाळ्याच्या एका कारखान्यांत वेगळेंच काम शिकतो.

आमच्या वहिनींच्या त्या दोन बॅटऱ्या २०२३ त बदलल्या. उचलावयास प्रत्येकीस दोन गडी लागले. एकेकीचें वजन पन्नास किलोंच्या वर. भंगारवाला दारांत आला होता आणि दुकानदाराहून थोडे अधिक पैसे देऊं करीत होता. असे लोक पुष्कळदां उघड्यावर पेट्या फोडतात, आम्ल गटारांत ओततात आणि शिसें चुलीवर वितळवितात. त्या धुरांतलें शिसें आसपासच्या लहान मुलांच्या रक्तांत जाऊन त्यांच्या बुद्धीस कायमचें अपंग करतें. जुनी बॅटरी परत घेऊन ती नोंदलेल्या कारखान्याकडे पाठविण्याचा कायदेशीर मार्ग २००१ पासून आहे, आणि २०२२ च्या नियमांनीं ती जबाबदारी उत्पादकांवर अधिक पक्की केली आहे. पुतण्यानें पेट्या दुकानांत परत दिल्या व पावती घेतली. वहिनींनीं ती पावती कालनिर्णयाच्या मागें टांचणीनें लावली, आणि नव्या बॅटऱ्यांच्या पहिल्या पाण्याची तारीख पुढच्या महिन्याच्या पानावर आधींच लिहून ठेवली.